दुपारी न ऐकणारा पंखा

दादानं सत्तावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. दवाखान्यांच्या, ऑफिसांच्या, बारा-बारा मजली इमारतींच्या. दोन मजल्यांच्या मधे अडकलेली माणसं आतून दार बडवायची आणि हा वरून ओरडायचा, "अहो, बडवू नका! काय बिघडलंय ते मला ऐकू येऊ द्या!" बिघाड कानानं पकडायचा, अशी त्याची ख्याती होती.

मग हातांनी दगा दिला. आधी पाना निसटायला लागला, मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टर म्हणाले, नसा हळूहळू काम सोडतायत, थांबवता येणार नाही, पण वेग कमी आहे. वेग कमी म्हणता म्हणता चार वर्षांत दोन्ही हात गेले, पाय गेले. मान, चेहरा आणि आवाज तेवढा उरला. प्रत्येक तपासणीनंतर निघताना डॉक्टर म्हणायचे, "आवाजावर लक्ष ठेवा हं." दादा मान हलवायचा. आवाजाच्या तपासणीसाठी त्यांनी दिलेली चिठ्ठी आठ महिने कपाटातल्या फाइलमध्ये पडून होती.

त्याची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीण आपलं भाड्याचं घर सोडून त्याच्याकडे राहायला आली. दादा तिला बारकी म्हणायचा, ती चव्वेचाळीस वर्षांची असली आणि दारातून आडवी होऊन जायची वेळ आली असली तरी. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून फ्रेमच्या मापानं काचा घासायचं तिचं काम. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत त्याचं सगळं करायला मावशी यायच्या, दादाला आंघोळ घालायच्या, भरवायच्या, खिडकीशी आरामखुर्चीत बसवून जायच्या. बारकी सहाला घरी यायची. मधले पाच तास दादा एकटा.

त्या पाच तासांसाठी बारकीनं घरात सगळी जोडणी केली होती. ती काही इंजिनिअर नव्हती. दुकानातलं मशीन नीट करता करता जेवढं कळलं तेवढंच. पुस्तिका वाचून, व्हिडिओ बघून, दोनदा रडकुंडीला येऊन तिनं ते उभं केलं होतं. कपाटावर जेवणाच्या डब्याएवढा सर्व्हर. दादाच्या खुर्चीला माइक. पंख्याला एक स्मार्ट प्लग, दिव्याला एक. "ऐक," असं म्हणून पुढे काय हवं ते सांगायचं: पंखा लाव, दिवा बंद कर, बारकीला फोन लाव. सुरुवातीला सर्व्हर बाईच्या आवाजात उत्तरही द्यायचा, "हो, लगेच करते." पण दादानं दुसऱ्याच दिवशी ते बंद करायला लावलं.

"इतकं गोड आपल्या घरात कधी कुणी बोललंय का?" तो म्हणाला. "मला संशय येतो."

तर असं सगळं दीड वर्ष सुरळीत चाललं होतं. आणि एका सोमवारी दुपारी दोन वाजता, ऊन पश्चिमेच्या खिडकीत आल्यावर, दादा म्हणाला, "ऐक, पंखा लाव," आणि पंखा लागला नाही.

तो परत म्हणाला. मग परत. मधेच एकदा पंखा लागला, थोड्या वेळानं त्यानं बंद करायला सांगितला तर बंद होईना. मग कधीतरी आपण होऊन बंद झाला, आणि पुन्हा लागायचं नाव घेईना.

संध्याकाळी बारकी आली, पिशवी ठेवली, स्वयंपाकाला लागली. दादा म्हणाला, "बारके, पंखा आज ऐकत नव्हता."

ती कणीक भरल्या हातानंच खोलीत आली. "ऐक, पंखा लाव." पंखा लगेच लागला.

"लागला की," ती म्हणाली. "जरा स्पष्ट बोलत जा ना, दादा."

तिच्या मनात काही नव्हतं. गॅसवर काहीतरी चढवलेलं होतं, ती परत वळली. त्यामुळे तिनं दादाचा चेहरा पाहिला नाही. त्याला म्हणता आलं असतं, "थांब, आता मी म्हणून बघतो." तो म्हणाला नाही.

मंगळवारी तेच झालं. बुधवारी त्यानं मावशींना पंखा हातानं लावूनच जायला सांगितलं. पण एक वाजता खोली गार असते, वारा सरळ तोंडावर, आणि बंद करायला कुणी नाही. तीनपर्यंत त्याचा घसा कोरडा पडला, खोकून खोकून आवाज बसला. हे म्हणजे आगीतून फुफाट्यातच. दोन्ही संध्याकाळी बारकीनं विचारलं, "कसा गेला दिवस?" आणि दोन्ही संध्याकाळी तो म्हणाला, "मस्त."

बुधवारी मात्र तिनं त्याचा बसलेला आवाज ऐकला. आवाजावर लक्ष ठेवा. तिला डॉक्टरांचं वाक्य आठवलं, पण ती बोलली नाही. दोघंही एकाच गोष्टीला घाबरून एकमेकांना बातम्यांमधलं काहीबाही सांगत बसले.

गुरुवारी दुकानातल्या काच घासायच्या मशीनचा पाण्याचा पंप बंद पडला. मालकांनी तीन वाजता तिला घरी पाठवलं. तिनं कुलपात किल्ली घातली आणि आतून आवाज आला म्हणून तशीच थांबली. मावशी तर एक वाजताच जातात.

आत दादा एकटाच बोलत होता.

"ऐक. पंखा लाव." थोडा वेळ शांत. "ऐक. पंऽखा. लाऽव." पुन्हा शांत. मग पहिलीतलं पोर बाईंसमोर उभं राहून म्हणतं तसं, एकेक अक्षर सुटं करून, "पं. खा. ला. व."

बारकीचा हात किल्लीवर तसाच राहिला. मग तिनं मुद्दाम कुलपाचा खडखडाट केला, चपला आपटत काढल्या आणि आत गेली. दादाचा सदरा छातीपासून पोटापर्यंत ओला होता. भुवईवरून घाम डोळ्यात उतरत होता आणि तो पुसायला त्याला हात नव्हता.

"लवकर आलीस?" तो म्हणाला. "मस्त आहे सगळं."

तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. रडू गिळून, जरा जोरातच, ती माइककडे तोंड करून म्हणाली, "ऐक! पंखा लाव!"

पंखा हलला नाही.

दादानं मान वळवली. "परत म्हण."

"ऐक, पंखा लाव!"

"ओरड."

"ऐक! पंखा लाव!" ती अशी ओरडली, की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. पंखा ढिम्म.

आणि दादा हसायला लागला. आधी नुसते खांदे थरथरले, मग डोळ्यांतून पाणी आलं, मग खोकला, मग परत हसू. बारकी घाबरली. तिनं त्याच्या तोंडाला पाण्याची नळी लावली. त्यानं ती जिभेनं बाजूला सारली.

"तुझंही ऐकत नाही!" तो म्हणाला. "बारके, तुझंही ऐकत नाही गं!"

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की हा माणूस चार दिवस काय समजून बसला होता. ती खाली वाकली आणि प्लगवरचं बटण बोटानं दाबलं. पंखा गरगरायला लागला.

"बंद कर, बंद कर," दादा म्हणाला. "बिघाड चालू असतानाच पकडायचा असतो."

"गप बस. आधी घाम वाळू दे. बिघाड कुठे पळून जात नाही."

"जातो. तुला काय माहीत." पण त्यानं डोळे मिटून वारा घेतला. थोड्या वेळानं म्हणाला, "बरं, दिव्यावर करून बघू. दिवा लाव म्हण."

दिवाही लागला नाही. दादाच्या चेहऱ्यावर ते जुनं काहीतरी आलं, जे बारकीनं चार वर्षांत पाहिलं नव्हतं. एक भुवई वर, ओठ किंचित दाबलेले.

"आता बघ," तो म्हणाला. "लिफ्ट अडकली, की सगळीकडे पाने घेऊन धावायचं नाही. मधोमध उभं राहायचं आणि विचारायचं, बिघाड वरच्या बाजूला की खालच्या. इथे काय काय आहे? माइक म्हणजे कान. सर्व्हर म्हणजे डोकं. प्लग म्हणजे हात. आपण डोक्यापाशी उभं राहू. त्याला ऐकू येतंय का नाही, एवढंच आधी सांग. ते कुठे लिहून ठेवतं का?"

"ठेवतं. नोंदी असतात."

"मग वाच."

बारकी लॅपटॉप घेऊन त्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. नोंदींचं पान उघडलं. या पानावर ती सुरुवातीच्या दिवसांनंतर कधी गेलीच नव्हती. तिनं सोमवारपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"सोमवार, दोन वाजून चार मिनिटं. ऐकलं: पंखा लाव. पंख्याला हुकूम पाठवला. पंख्याकडून उत्तर नाही. दोन वाजून पाच. ऐकलं: पंखा लाव. उत्तर नाही."

"म्हणजे ऐकलं," दादा हळूच म्हणाला.

"शब्द न शब्द ऐकलाय. मंगळवार, दोन दहा, पंखा लाव. दोन अकरा. दोन तेरा. दोन वीस..." तिचा वाचायचा वेग कमी झाला. "दोन चाळीस, पंखा लाव बाई. दोन बावन्न, पंखा लाव, कृपा कर."

"तेवढं वाचायची गरज नाही."

ती वाचतच राहिली. "तीन वाजून दहा, ऐक ना. अर्थ लागला नाही. तीन बारा, राहू दे. अर्थ लागला नाही."

मंगळवारी दादानं सव्वीस वेळा सांगितलं होतं. मंगळवारी तीन वाजून बारा मिनिटांनी आपण काय करत होतो, तेही बारकीला आठवलं. दुकानात कुणीतरी आणलेला केक कापला होता आणि ती हसत उभी होती. तिनं लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला.

"मला फोन का नाही केलास?" तिनं विचारलं. "फोनला तर प्लग लागत नाही. 'बारकीला फोन लाव' म्हटलं असतंस की लागला असता."

दादानं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं.

"तेच," तो म्हणाला. "लागला असता, तर आवाज बरा आहे हे कळलं असतं. नसता लागला, तर..." तो थांबला. "अगं, आयुष्यभर मी दुसऱ्यांना सांगत आलो, आधी तपासा, मग घाबरा. आणि इथे एक साधी तपासणी होती, मी ती केली नाही. संध्याकाळी तुझ्यासमोर एकदा पंखा लाव म्हणायला काय झालं होतं मला? नाही म्हणालो. न कळलेलं बरं वाटलं."

"आणि मी तुला स्पष्ट बोल म्हणाले."

"म्हणालीस खरं."

"दादा, माझ्या जिभेला काही हाड..."

"पुरे. रडायचं असेल तर नंतर रड, आता बिघाड सापडायला आलाय," तो म्हणाला, पण त्याचाही आवाज ओला झाला होता. "डोकं शाबूत आहे, कान शाबूत आहेत. हात उत्तर देत नाही. का देत नाही? त्या पंख्याच्या प्लगबद्दल आणखी काय लिहिलंय?"

तिनं नाक पुसलं आणि खाली शोधलं. तिथे एक विचित्रच प्रकार होता. "पंखा आला. पंखा गेला. पंखा आला. पंखा गेला. पानंच्या पानं हेच आहे. दर काही सेकंदांनी सर्व्हरशी जोडला जातोय आणि तुटतोय."

"जोड ढिली? वाय-फाय लांब पडतंय?"

"संध्याकाळी नाही ना तसं. संध्याकाळी सहानंतर एकदम गुपचूप. एकदा आला की आला."

दादाची भुवई आणखी वर गेली. "रोज?"

"सोमवार, मंगळवार, बुधवार. संध्याकाळी सहाला थांबतं, सकाळी आठ चाळीसला सुरू होतं."

"आठ चाळीसला घरात काय होतं?"

"काही नाही. मी निघते."

"निघताना काय काय करतेस? सांग. एक न एक गोष्ट. पिशवी घेते म्हणालीस तरी चालेल."

"पिशवी घेते. डबा घेते. बाथरूममध्ये मशीनचं भिंतीवरचं बटण चालू करते. किटलीचं बटण..." तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

रविवारी तिनं दोन नवे प्लग लावले होते. एक किटलीला, एक कपडे धुवायच्या मशीनला. संध्याकाळी घरी येईपर्यंत पाणी गरम असावं, कपडे धुऊन झालेले असावेत, एवढीच हौस. निघताना ती दोन्हींची भिंतीवरची बटणं चालू करायची. आल्यावर मिक्सरसाठी ती जागा लागते म्हणून किटली बंद, आणि सवयीनं मशीनही बंद. दोनदा कपडे कोरडेच सापडले होते, पाणीही गार. ती स्वतःलाच विसरभोळी म्हणून मोकळी झाली होती.

ती उठून स्वयंपाकघरात धावली. किटलीचं बटण खट्ट बंद केलं. "म्हण आता!"

"ऐक," खोलीतून दादाचा आवाज आला. "पंखा बंद कर." क्षणभर थांबून, "पंखा लाव." आणि मग इतक्या जोरात, की तिला भिंतीपलीकडून दचकायला झालं, "झाला! बारके, झाला! पण दिवा अजून बहिरा आहे!"

तिनं बाथरूममध्ये जाऊन मशीनचं बटण बंद केलं. दिवा लागला.

पुढचं शोधायला फार वेळ लागला नाही. नवे प्लग लावायचे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं भरत बसायचं, त्याचा कंटाळा येऊन तिनं पंख्याच्या प्लगची सगळी माहिती उचलून किटलीला चिकटवली होती आणि दिव्याची मशीनला. वरची नावं बदलली होती. पण खाली, कुणी बघत नाही अशा ओळीत, प्रत्येक प्लगचा एक ओळख क्रमांक असतो. तो तसाच राहिला होता. एकाच ओळखीचे दोन प्लग. एक सर्व्हरच्या दारात आला, की सर्व्हर म्हणायचा, हा तर आत आहेच, म्हणजे आतला जुना झाला, आणि आतल्याला हाकलायचा. हाकललेला लगेच परत यायचा आणि दुसऱ्याला बाहेर काढायचा. दिवसभर पंखा आणि किटली एकमेकांना दारातून ढकलत होते, आणि दादाचा हुकूम आला तेव्हा पंखा बहुतेक वेळा दाराबाहेर असायचा.

हे सगळं उलगडून सांगताना बारकीचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यामुळेच. मी तुला उकाड्यात बसवलं आणि वर तुझ्यावरच ढकललं."

"आमच्या हाताखालच्या एकानं दोन लिफ्टना एकाच क्रमांकाची पाटी लावली होती," दादा म्हणाला. "तीन दिवस माणसं चौथ्या मजल्यावर जायची बटणं दाबत होती आणि शेजारची रिकामी लिफ्ट वर जात होती."

"त्याला काय केलंस?"

"काय करणार? मीच होतो तो. पहिल्या वर्षी." तो थांबला. "खोटं आहे. पण तुला बरं वाटलं ना?"

बारकी हसली आणि मग जे रडू मघाशी थांबवलं होतं ते आलं. दादानं तिला रडू दिलं. हात असता तर डोक्यावरून फिरवला असता. तो नव्हता म्हणून मान जेवढी वाकते तेवढी वाकवून त्यानं हनुवटी तिच्या केसांवर टेकवली.

ओळख क्रमांक बदलायला दहा मिनिटं लागली. मग दादानं एकेक प्लग चालू-बंद करून घेतला, चारही एकदम चालू ठेवून पंख्याची वीस वेळा परीक्षा घेतली, आणि वीसच्या वीस वेळा पास झाल्यावरच तिला चहा करायची परवानगी दिली. सर्व्हरनं परत तोंडानं उत्तर द्यायला सुरुवात करावी का, यावर मात्र वाद झाला.

"ऐकलं की नाही, हे आपल्याला कळायला हवं," बारकी म्हणाली. "ती बोलत असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

दादाला हे पटत होतं, पण त्या आवाजाची कल्पना सोसवत नव्हती. शेवटी ती बाई एवढंच म्हणेल असं ठरलं: "ऐकलं." गोडवा न घालता.

रात्रीच्या जेवणात त्याला भरवताना बारकीनं आणखी एक गोष्ट मागून घेतली. "मला 'मस्त' म्हणायचं नाही. उकडत असेल तर उकडतंय म्हण. मला दुकानातून यावं लागलं तर मी येईन. मालक काही मला खात नाहीत."

"आणि तुझं काय? तू माझा आवाज ऐकून काल संध्याकाळी जी गप्प झालीस ती?"

तिनं घास हातात तसाच धरला. त्याच्या लक्षात आलं असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"मीही नाही लपवणार," ती म्हणाली.

"मग ती चिठ्ठी काढ फाइलमधून," दादा म्हणाला. "उद्या मावशी आल्या की दवाखान्यात फोन लावू."

पुढच्या आठवड्यात दादा, बारकी आणि मावशी व्हॅननं दवाखान्यात गेली. आवाज तपासणारी मुलगी वयानं लहान होती आणि फार गोड बोलत होती. दादानं बारकीकडे एक अर्थपूर्ण कटाक्ष टाकला. त्या मुलीनं त्याला पूर्ण श्वास घेऊन "आऽ" असं जितका वेळ जमेल तितका वेळ म्हणायला सांगितलं. तीनदा. मग काही वाक्यं वाचायला लावली, आकडे मांडले, पडद्यावर त्याच्या आवाजाच्या रेषा दाखवल्या.

"अकरा सेकंद," ती म्हणाली. "तुमच्या वयाच्या मानानं थोडा कमी आहे श्वास. खरं सांगू का?"

"खरंच सांगा. त्यासाठीच आलोय."

"थोडा फरक पडायला लागलाय. शब्द मात्र एकदम स्वच्छ आहेत. श्वासाचे व्यायाम देते, रोज करायचे. तीन महिन्यांनी परत मोजू. आणि आत्ता आवाज चांगला आहे, तोवर तुमची वाक्यं साठवून ठेवू या. पुढे कधी लागलीच, तर यंत्र तुमच्याच आवाजात बोलेल."

बारकीनं त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, हे ऐकून तो मिटून जाईल. पण दादाची भुवई वर गेली होती.

"किती वाक्यं लागतात?" त्यानं विचारलं.

"दीड-दोनशे असली तर बरं."

"बारके, लिहून घे. अकरा सेकंद, आजची तारीख. आणि दीड-दोनशे वाक्यं." तो क्षणभर विचारात पडला. "त्यातली निम्मी तर तुला रागवायचीच लागतील. ती आधी उरकून टाकू, तुला ऐकायला आज वेळ आहे."

मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. तपासणाऱ्या मुलीनं माइक त्याच्या तोंडासमोर सरकवला आणि म्हणाली, "करा सुरू." दादानं घसा खाकरला, खोल श्वास घेतला, आणि पहिलं वाक्य बोलला, "बारके, जरा स्पष्ट बोलत जा ना!"